उणे बारा टक्के: उंदराच्या प्लीहेतल्या एनके पेशी मोजताना नेमकं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने बाल्ब-सी जातीच्या मादी उंदरांना ४टी१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या. त्यानंतर २८ दिवस गुळवेलीच्या खोडाचा पाण्यातला अर्क तोंडावाटे दिला. शेवटी प्लीहा काढून, याक-१ या उंदराच्या कर्करोगपेशी टार्गेट (मारायचं लक्ष्य) म्हणून घेऊन, एलडीएच किटने एनके पेशींची, म्हणजे कर्करोगाच्या आणि विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पांढऱ्या पेशींची, मारकक्षमता मोजली. निरोगी उंदरांत एका वेळी ३८ टक्के आलं, दुसऱ्या वेळी ६. गाठ असलेल्या उंदरांत उणे १२, अर्क दिलेल्यांत १५. गाइडचं म्हणणं, गटात सहाऐवजी दहा उंदीर घ्या. विद्यार्थिनी विचारते, दहा घेतल्याने हे सुटेल का? आणि अर्काच्या गटात गाठी लहान निघाल्यात, तर ते एनके पेशींमुळे झालं असं लिहिता येईल का?

दोन्हीचं उत्तर आत्ता तरी नाही असंच आहे. उंदीर वाढवल्याने विखुरलेले आकडे सरासरीभोवती गोळा होतात, पण सरासरीच चुकीच्या जागी असेल तर ती चुकीच्या जागी अधिक ठामपणे दिसते, एवढंच. तुमची अडचण उंदरांच्या संख्येची नाही. प्लेटवर येणारा आकडा एनके पेशींचाच आहे हे अजून ठरलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

आधी ते उणे १२ कुठून येतं ते बघू. १००:१ या रेशोला प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) १० हजार याक-१ आणि १० लाख प्लीहापेशी असतात. एलडीएच हे विकर दोन्हींत असतं आणि मेलेली कुठलीही पेशी ते बाहेर सोडते. किटचं सूत्र सांगतं: मिश्रणाच्या रीडिंगमधून एकट्या इफेक्टरचं (मारणाऱ्या बाजूचं, म्हणजे प्लीहापेशींचं) आणि एकट्या टार्गेटचं रीडिंग वजा करा, आणि टार्गेटचं कमाल (सगळ्या टार्गेट पेशी मुद्दाम फोडल्यावरचं) वजा आपोआप सुटलेलं याने भागा. कागदावर काहीच चूक नाही. आता माध्यमाचं रीडिंग काढून टाकल्यावर ४९० नॅनोमीटरला असे आकडे आले असं धरा: टार्गेट एकटं ०.३०, टार्गेट कमाल १.१०, इफेक्टर एकटे १.५०, मिश्रण १.८८. वजाबाकी केली की उरतात ०.०८, भागिले ०.८०, म्हणजे १० टक्के. आता इफेक्टरच्या वेलमध्ये पिपेटने फक्त पाच टक्के पेशी जास्त पडल्या असं समजा. १.५० चं १.५७५ होतं आणि उत्तर ०.६ टक्क्यावर येतं. पाच टक्के कमी पडल्या तर १९ टक्क्यांवर जातं. आणखी थोडी चूक झाली की खुशाल उणे. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर तोलायचा, मग मोबाइल खाली ठेवून पुन्हा तोलायचा आणि वजाबाकीतून मोबाइलचं वजन काढायचं, असा हा कारभार आहे. काटा खोटा नसतो, तो त्या कामाचा नसतो.

माणसाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या एनके पेशींवर, ५:१ किंवा १०:१ रेशोला, हेच किट बऱ्यापैकी काम देतं, कारण तिथे इफेक्टर थोडे असतात. उंदराच्या अख्ख्या प्लीहेवर ते अडखळतं. त्यात ४टी१ ची गाठ असेल तर पुरतं कोलमडतं. ४टी१ च्या उंदरात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत प्लीहा कित्येक पट सुजते. ती लिंफोसाइटने नव्हे, तर ग्रॅन्युलोसाइट, त्यांच्या कच्च्या पूर्वज पेशी आणि लाल पेशींच्या केंद्रक असलेल्या पूर्वज पेशींनी भरते. ग्रॅन्युलोसाइट अल्पायुषी. चार तासांच्या इनक्युबेशनमध्ये त्यातल्या बऱ्याच आपणहून मरतात आणि एलडीएच ओततात. केंद्रक असलेल्या लाल पूर्वज पेशी लाल पेशी फोडणाऱ्या एसीके बफरने नीट फुटत नाहीत, त्यामुळे वेलमध्ये पोचतात. साध्या लाल पेशी धुण्यात राहिल्या तर त्यांच्यातही एलडीएच भरपूर असतं. म्हणून तुमच्या गाठीच्या गटात इफेक्टर-एकट्याचा कॉलम सगळ्यात गडद लाल दिसला असणार. जुन्या प्लेटचे फोटो असतील तर काढून बघा.

यापेक्षा खोल अडचण वेगळी आहे. किट बदललं तरी ती जात नाही.

निरोगी उंदराच्या प्लीहेत एनके पेशी साधारण २ ते ४ टक्के असतात. ३ टक्के धरल्या तर १० लाखांत ३० हजार. म्हणजे ज्याला आपण १००:१ म्हणतो तो एनकेच्या हिशेबाने ३:१ असतो. ४टी१ ने सुजलेल्या प्लीहेत बाकीची गर्दी वाढल्यामुळे हेच प्रमाण समजा अर्ध्या टक्क्यावर आलं, तर १० लाखांत ५ हजार, म्हणजे ०.५:१. दोन्ही वेलवर लेबल १००:१ चंच, पण मारेकरी सहापट कमी. यात एकेक एनके पेशी दुबळी झालेली असेलच असं नाही, ती फक्त गर्दीत विरळ झाली आहे.

आता याच वाटेने पुढे जा. तुमच्या अर्काने काहीही करून गाठ लहान ठेवली, समजा थेट कर्करोगपेशींची वाढ रोखून, तर प्लीहा कमी सुजेल, एनकेचं प्रमाण परत दोन-अडीच टक्क्यांवर येईल आणि प्लेटवर मारकक्षमता वाढलेली दिसेल. आकडा खरा, निष्कर्ष उलटा. एनके वाढल्या म्हणून गाठ लहान झाली असं तुम्ही लिहाल, आणि घडलेलं असेल ते गाठ लहान राहिली म्हणून एनके विरळ झाल्या नाहीत. वनस्पतींच्या अर्कांवरच्या कितीतरी कामांत हीच गफलत दडलेली असते. परीक्षकाने प्लीहेचं वजन विचारलं की उघडी पडते.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक उंदराच्या प्लीहेचं वजन, तिच्यातल्या एकूण पेशी आणि त्यातल्या एनकेची टक्केवारी हे तीन आकडे वहीत हवेतच. टक्केवारीसाठी फ्लो सायटोमेट्री (रंगीत खुणा लावलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून मोजणं) लागते. इथे बाल्ब-सीचा एक जुना सापळा आहे. एनके१.१ ओळखणारी पीके१३६ ही अँटिबॉडी सी५७ब्लॅक/६ उंदरात उत्तम चालते, बाल्ब-सीत ती चिकटतच नाही. त्यांच्यात त्या जनुकाचं रूपच वेगळं आहे. डब्यावर ‘माउस एनके’ लिहिलेलं बघून ती विकत घेतली की सगळे उंदीर एनकेशून्य दिसतात. बाल्ब-सीसाठी एनकेपी४६ ही खूण ओळखणारी अँटिबॉडी घ्या, नाहीतर डीएक्स५. सोबत सीडी३ हवीच, म्हणजे टी पेशी बाजूला काढता येतील. सीडी३ नसलेल्या आणि एनकेपी४६ असलेल्या त्या आपल्या. या दोनांत मी एनकेपी४६ पसंत करतो, कारण डीएक्स५ बेसोफिल आणि काही टी पेशींवरही असते, आणि गाठीच्या प्लीहेत ती सरमिसळ त्रास देते.

मारकक्षमताही फ्लोवरच मोजा, म्हणजे वजाबाकीचं दुखणं मुळातूनच जातं. याक-१ पेशींना आधी सीएफएसई या चमकणाऱ्या रंगाने हिरवं करायचं. पीबीएसमध्ये मिलिलिटरला १० लाख ते १ कोटी पेशी, सीएफएसई १ मायक्रोमोलर, ३७ अंशांना १० मिनिटं. या टप्प्यात सीरम अजिबात नको, ते रंग पिऊन टाकतं. मग पाचपट थंड माध्यम, त्यात १० टक्के सीरम, पाच मिनिटं बर्फावर, आणि दोनदा धुणं. चार तास प्लीहापेशींबरोबर ठेवल्यावर मेलेल्या पेशी दाखवणारा सेव्हन-एएडी घाला, ५ ते १० मिनिटांनी वाचा. फक्त हिरव्या पेशींवर गेट लावायचा, म्हणजे तेवढ्याच निवडायच्या, आणि त्यातल्या मेलेल्या किती ते बघायचं. प्लीहापेशी कितीही मेल्या तरी त्या या हिशेबात येतच नाहीत. सूत्र सोपं आहे: मिश्रणातले मेलेले वजा एकट्या टार्गेटमधले मेलेले, भागिले १०० वजा एकट्या टार्गेटमधले मेलेले. एकट्यात ६ टक्के आणि मिश्रणात २० टक्के मेलेले असतील तर १४ भागिले ९४, म्हणजे जवळपास १५ टक्के. पूर्ण विरघळून गेलेल्या टार्गेट पेशी यात मोजल्या जात नाहीत, म्हणून परवडत असतील तर मोजणीचे मणी घाला आणि हिरव्या पेशींची एकूण संख्याही बघा.

फ्लो सायटोमीटर हाताशी नसेल तर? हे तुमच्या परिस्थितीवर आहे. विद्यापीठात किंवा शहरात कुठे वेळ मिळत असेल तर उत्तमच. पुण्याला जावं लागत असेल तर जिवंत पेशी किंवा प्लीहा घेऊन जाऊ नका. चार-पाच तासांच्या प्रवासात एनकेची ताकद उतरते, आणि प्रत्येक वेळी सारखी उतरत नाही. प्रयोग इथेच पूर्ण करा. सेव्हन-एएडी फिक्सेशन सोसत नाही, म्हणून त्याऐवजी फिक्स करता येणारा जिवंत-मृत रंग वापरा. तो लावल्यावर धुऊन १ ते २ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटं, पुन्हा धुणं, आणि नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून ४ अंशांना. दुसऱ्या दिवशी वाचल्या तरी चालतात. सीएफएसई पेशीतल्या प्रथिनांना पक्कं जोडलेलं असतं, ते निघून जात नाही. एनकेच्या टक्केवारीच्या नळ्याही त्याच खेपेत नेता येतात.

क्रोमियम-५१ ची पद्धत अजून कसोटीची मानली जाते, पण तिला किरणोत्सारी पदार्थांचा परवाना, वेगळी खोली आणि गॅमा काउंटर लागतो. कॉलेजसाठी ती सोडून द्या. एमटीटीवर (जिवंत पेशींनी रंग बदलणाऱ्या टेट्राझोलियमच्या चाचणीवर) मात्र हा प्रयोग कधीच करू नका. प्लीहापेशीही एमटीटीला जांभळं करतात, आणि तुम्ही नेमकं काय वाचताय ते सांगता येत नाही. अर्क थेट वेलमध्ये घालणार असाल तर आणखी एक भानगड: वनस्पतींच्या अर्कातले अँटिऑक्सिडंट घटक टेट्राझोलियमचा रंग पेशींशिवायच उमटवतात. एलडीएच किटचा रंगही त्याच घराण्यातला.

एलडीएच किट आधीच घेतलंय आणि पैसे वाया घालवायचे नाहीत, असं असेल तर ते शुद्ध केलेल्या एनके पेशींवर वापरा. चुंबकी मण्यांनी नको त्या पेशी काढून टाकायच्या आणि एनकेला हात लावायचा नाही, कारण एनकेवरच अँटिबॉडी बसवली तर ती कधी पेशीला चेतवते, कधी दाबते. निरोगी प्लीहेतून १० लाखांच्या आसपास शुद्ध एनके मिळाल्या तर ठीक समजा. मग ५:१ पासून सुरुवात करून खाली या. माध्यमात पायरुव्हेट नको, ते एलडीएचची अभिक्रिया दाबतं. सीरम १ टक्क्यावर आणा, कारण सीरममध्येही एलडीएच असतं. लायसिस बफरचे बुडबुडे रीडिंग बिघडवतात, सुईच्या टोकाने फोडून मगच प्लेट आत घाला. आणि घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं, मानवी रक्तासाठीचं १.०७७ घनतेचं फायकॉल उंदराच्या पेशींना नीट जमत नाही. उंदराच्या लिंफोसाइट थोड्या जड असतात, त्यांच्यासाठीचं १.०८७ च्या आसपासचं द्रावण वेगळं मिळतं.

आता निरोगी उंदरांत ३८ आणि ६ का, याकडे येऊ. किटची चूक वर आलीच. त्याशिवाय दोन-तीन गोष्टी तपासा. पहिली, वय. उंदरात ही मारकक्षमता तिसऱ्या आठवड्यापासून दिसायला लागते, पाच ते आठ आठवड्यांत शिखरावर असते आणि पुढे उतरत जाते. आठ आठवड्यांचा उंदीर घेऊन २८ दिवस अर्क दिला तर शेवटी तो बारा आठवड्यांचा असतो. निरोगी म्हणून पिंजऱ्यातला सात आठवड्यांचा उंदीर उचलला असेल तर तुलना तिथेच बिघडली. दुसरी, ताण. कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं की एनकेची क्रिया घसरते. रोज नळीने अर्क देणं हा ताणच आहे, म्हणून निरोगी गटालाही रोज तितकंच पाणी तितक्याच नळीने द्यायला हवं. उंदीर बाहेरून आणले असतील तर निदान सात दिवस त्यांना स्थिरावू द्या. प्लीहा काढायची ती रोज सकाळी एकाच वेळी, आणि सगळ्या गटांतले एकेक उंदीर आलटून पालटून. एक अख्खा गट सोमवारी आणि दुसरा मंगळवारी असं केलंत तर गटांतला फरक आणि वारांतला फरक वेगळा करता येत नाही. मे महिन्यात प्राण्यांच्या खोलीतला एसी रात्री बंद पडला तर ती तारीख वहीत लिहा, नंतर कामी येते.

बाल्ब-सीची मूळ ताकदही लक्षात असू द्या. सीबीए जातीत ती जास्त असते, सी५७ब्लॅक/६ मध्यम, ए/जे फारच कमी, आणि बाल्ब-सी खालच्या बाजूला. न चेतवलेल्या बाल्ब-सीच्या प्लीहेने चार तासांत १००:१ ला ३८ टक्के याक-१ मारल्या, तर मी आनंदी न होता शंका घेईन.

बहुतेक वेळा दोषी निघतात त्या याक-१ पेशीच. ही विषाणूजन्य लिंफोमापासून आलेली पेशीमालिका. १९७५ साली स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांनी, कधीही लसीकरण न केलेल्या उंदरांच्या प्लीहापेशी हिला मारतात हे दाखवलं, तेव्हापासून ती टार्गेट म्हणून वापरात आहे. पण ती लहरी आहे. फ्लास्कमध्ये दाटी झाली, माध्यम पिवळं पडलं, की तिचं आपोआप मरणं २०-२५ टक्क्यांवर जातं आणि प्रयोग संपतो. आदल्या दिवशी पातळ करून मिलिलिटरला २ लाखांवर आणा आणि दुसऱ्या दिवशी वाढीच्या भरात असताना वापरा. ट्रायपॅन ब्लूवर ९५ टक्के जिवंत हव्यात. एकट्या टार्गेटमधलं मरण १० टक्क्यांच्या आत चांगलं, १५ चालवून घ्यायचं, २० च्या वर प्लेट फेकायची. मायकोप्लाझ्माची तपासणी करून घ्या, लागण झालेल्या याक-१ चं वागणं बदलतं. आणखी एक: इंटरफेरॉन-गॅमा मिळालं की तिच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ (‘ही पेशी आपली’ असं सांगणारे) रेणू वाढतात आणि एनके तिला सोडून देतात. हे रेणू हरवलेल्या पेशींवर एनके धावून जातात हे केअरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली आरएमए आणि आरएमए-एस या जोडीवर दाखवलं. म्हणून जुनी, अनेक वर्षं हातोहात फिरलेली कुपी वापरू नका. नव्या कुपीसाठी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) पेशीसाठ्याकडे आधी विचारणा करा. आली की पहिल्या आठवड्यातच दहा-बारा कुप्या गोठवून ठेवा, आणि दर दीड-दोन महिन्यांनी नवी उघडा.

प्लेट लावण्याचा क्रम असा. प्लीहा थंड आरपीएमआयमध्ये घ्या, ७० मायक्रॉनच्या जाळीवर सिरिंजच्या दट्ट्याने हलक्या हाताने चोळा. खरबरीत काचपट्ट्यांत रगडू नका, त्यात बऱ्याच पेशी जायबंदी होतात. एसीके घरी करता येतं: लिटरला अमोनियम क्लोराइड ८.२९ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४. एका प्लीहेला २-३ मिलिलिटर, दोन ते तीन मिनिटं, घड्याळ लावून. एप्रिलमध्ये आपल्याकडे खोली ३५ अंशांची असते, तेव्हा दोन मिनिटं पुरेत. जास्त ठेवलं की लिंफोसाइटही जातात. लगेच १० मिलिलिटर माध्यम, ३०० जी ला पाच मिनिटं, आणि दोनदा धुणं. सुजलेल्या प्लीहेला दुप्पट बफर घ्या. मोजून मिलिलिटरला १ कोटी पेशी करा, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख. याक-१ मिलिलिटरला १ लाख, त्यातले १०० मायक्रोलिटर. गोल तळाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये १००, ५०, २५ आणि १२.५ असे चार रेशो, प्रत्येकी तीन वेल. बाहेरच्या रांगेत फक्त पीबीएस. पेशी एकमेकींना लागाव्यात म्हणून ५० जी ला दोन मिनिटं फिरवा, मग ३७ अंशांना चार तास. कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर भरवशाचा नसेल तर माध्यमात २५ मिलिमोलर हेपीस घाला आणि प्लेट बंद करा, चार तास निभावतात. रात्रभर ठेवू नका. इतक्या वेळात दुसऱ्या पेशी आणि दुसऱ्या वाटा कामाला लागतात.

चार रेशो का? कारण रेशो अर्धा केला की मारा कमी व्हायलाच हवा. १००:१ ला १४ आणि १२.५:१ ला १६ आलं, तर ते आकडे कितीही गोड असले तरी त्या प्लेटवरून काहीही लिहू नका. आलेख काढताना आडव्या अक्षावर प्लीहापेशींचा रेशो न मांडता प्रत्यक्ष एनके आणि टार्गेटचा रेशो मांडा, म्हणजे ३:१, १.५:१ असा. तुमच्या प्रयोगाचा निकाल याच आलेखावर लागेल. गाठीचा गट, अर्काचा गट आणि निरोगी गट एकाच रेषेवर बसले तर फरक एनकेच्या संख्येचा आहे. अर्काच्या गटाची रेषा वर उचलली गेली तरच एकेक पेशी जास्त मारते असं म्हणता येईल.

तीन कंट्रोल असे आहेत की ते नसले तर मी अशा प्रयोगावर विश्वास ठेवत नाही. एक, पॉली आय-सी, म्हणजे विषाणूच्या आरएनएसारखं, एनकेना चेतवणारं कृत्रिम द्रव्य. निरोगी उंदराला पोटात १०० मायक्रोग्रॅम द्या, १८ ते २४ तासांनी प्लीहा काढा. मारा ठळक वाढलाच पाहिजे. वाढला नाही तर तुमची पद्धतच मुकी आहे, अर्काचा विचार नंतर. दोन, पी८१५ ही टार्गेट पेशी. न चेतवलेल्या एनके तिला जवळपास शिवत नाहीत. ती याक-१ इतकीच मरत असेल तर वेलमध्ये एनकेऐवजी काहीतरी विषारी चाललंय. तीन, स्वस्तातला: कॅल्शियम बांधून ठेवणारं ४ मिलिमोलर ईजीटीए आणि सोबत मॅग्नेशियम क्लोराइड घातलेले काही वेल. एनकेचा परफोरिनवाला (टार्गेटला भोकं पाडणाऱ्या प्रथिनाचा) मारा कॅल्शियमशिवाय चालत नाही, त्यामुळे त्या वेलमधला मारा पडला पाहिजे.

गुळवेलीबद्दल थोडं. तिच्यातला अरॅबिनोगॅलॅक्टन हा बहुशर्करेचा घटक प्रतिकारपेशींना चेतवतो हे प्रसिद्ध झालेलं आहे, तेव्हा तुमची कल्पना मुळात चुकीची नाही. पण पावसाळ्यात पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला तोडलेल्या ओल्या खोडावर जिवाणूंची पुटं असतात, वाळवताना ती आणखी वाढतात, आणि कॉलेजच्या कॅनमध्ये आठवडाभर साठवलेलं डिस्टिल्ड वॉटरही निर्मळ नसतं. या जिवाणूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, मॅक्रोफेज पेशींना चेतवतं, त्या आयएल-१२ हा संदेशवाहक रेणू सोडतात आणि एनके तरतरीत होतात. अर्क ऑटोक्लेव्ह केला तरी एंडोटॉक्सिन जात नाही. तोंडावाटे देताना हा धोका कमी, पण पोटात टोचणार असाल किंवा वेलमध्ये घालणार असाल तर एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून आकडा लिहाच. पाणी इंजेक्शनचं वापरा, काचेची भांडी २५० अंशांना अर्धा तास कोरडी भाजा. शंका असेल तर एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून परिणाम टिकतो का ते बघा.

आता गाठ एनकेमुळे लहान झाली का, हा दुसरा प्रश्न. प्लीहेची प्लेट कितीही निर्दोष असली तरी याचं उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर एनके काढून टाकल्यावरच मिळतं. चार गट करा: पाणी आणि अर्क, आणि या दोन्हींत साधं सशाचं सीरम किंवा एशियालो-जीएम१ (एनकेच्या पृष्ठभागावरचा रेणू) विरुद्धचं सशाचं सीरम. हे दुसरं सीरम दिलेल्या गटांत एनके नाहीशा होतात. मात्रा बाटलीगणिक बदलते, सहसा २० ते ५० मायक्रोलिटर पोटात, गाठ टोचायच्या आदल्या दिवशी आणि पुढे दर चार-पाच दिवसांनी. एका उंदरावर आधी तपासा: दुसऱ्या दिवशी प्लीहेत एनकेपी४६ असलेल्या पेशी खरंच गेल्या का. पीके१३६ इथेही चालणार नाही, कारण तेच, बाल्ब-सी. एनके नसताना अर्काचा फायदा नाहीसा झाला तर तुमचा दावा उभा राहतो. फायदा तसाच राहिला तर अर्क दुसऱ्या वाटेने काम करतोय, आणि तोही निकालच आहे. हे सीरम बेसोफिल आणि काही चेतलेल्या टी पेशींनाही मारतं, हे चर्चेत एका वाक्यात लिहा, परीक्षक विचारणारच.

शिवाय ४टी१ मध्ये एनकेचा जोर मूळ गाठीपेक्षा रक्तातून पसरणाऱ्या पेशींवर जास्त दिसतो. व्हर्नियरने गाठ मोजण्याबरोबर फुप्फुसंही बघा. ४टी१ पेशी ६-थायोग्वानिनला दाद देत नाहीत, ही त्यांची सोय आहे. फुप्फुस बारीक करून कोलॅजिनेजने मोकळं करा, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम ६-थायोग्वानिन असलेल्या माध्यमात पसरा. उंदराच्या स्वतःच्या पेशी मरतात, कर्करोगाच्या उरतात. १० ते १४ दिवसांनी मिथिलिन ब्लूने रंगवून वसाहती मोजा. एनकेचा परिणाम असेल तर तो इथे दिसण्याची शक्यता जास्त.

आकडेवारीत एक चूक सर्रास होते. तीन वेल म्हणजे तीन उंदीर नव्हेत. तीन वेलची सरासरी म्हणजे त्या एका उंदराचा एक आकडा, आणि गटात जेवढे उंदीर तेवढाच ‘एन’.

गाइडना विरोध केल्यासारखं वाटत असेल तर असं मांडा. सहाचे दहा करण्यासाठी आयएईसीकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या नीतिसमितीकडे) कारण द्यावंच लागेल, आणि पद्धतच पार्श्वभूमीत बुडते आहे हे माहीत असताना जास्त उंदरांचं कारण टिकणार नाही. त्याऐवजी तेवढेच उंदीर चार गटांच्या प्रयोगासाठी मागा. तो बदल मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच करा. मधल्या काळात तीन निरोगी उंदीर पाण्यावर आणि तीन पॉली आय-सीवर घेऊन, मंजूर प्रकल्पात तशी सोय असेल तर, सीएफएसईची पद्धत बसवा. दोन वेगवेगळ्या दिवशी वाटून घेतलेले हे सहा उंदीर आपापल्या गटात सारखेच आले, चारही रेशो उतरत्या क्रमाने बसले, ईजीटीएच्या वेलमध्ये मारा पडला, की मगच गाठीचे उंदीर हातात घ्या.

हे होईपर्यंत सिनॉप्सिसमध्ये ‘अर्कामुळे एनके पेशींची क्रिया वाढते’ हे वाक्य ठेवू नका. ‘अर्क दिलेल्या गटात गाठी लहान होत्या, प्लीहेतल्या एनके पेशींचं प्रमाण आणि दर पेशीमागची मारकक्षमता स्वतंत्रपणे तपासली जात आहे’ एवढं लिहा. आणि उंदरांवरून थेट माणसांवर उडी मारणारं वाक्य शेवटच्या परिच्छेदात घालायचा मोह टाळा. उंदराच्या एनके पेशींवर लगाम ठेवणारे मुख्य ग्राहक रेणू एलवाय४९ घराण्यातले आहेत, माणसात तेच काम केआयआर हे वेगळं घराणं करतं. काढ्याची मात्रा सांगायला हा प्रयोग पुरत नाही.